सेंट्रिंगची टोळी एक, साईट तीन: वेळापत्रक कसं लावायचं

सांगली भागातली विश्रामबाग, कुपवाड आणि मिरज अशी तीन बांधकामं एकाच ठेकेदाराकडे असली की प्रत्येक साईटची वेगळी फाईल होते. प्रत्येक फाईल एकेकटी बघितली तर बरोबर असते. पण सेंट्रिंगची (स्लॅबखाली प्लेटा-टेकूंचा साचा ठोकणारी) टोळी तिन्हीकडे तीच, आणि सोमवारी ती दोन ठिकाणी लावलीय हे एकाही फाईलला कळत नाही. त्यामुळे मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी माणसांची फाईल (तिथे तिला ‘रिसोर्स पूल’ म्हणतात) करा, कामांच्या फाईली नंतर.

माणसांच्या फाईलमध्ये एकही काम नको, नुसती रिसोर्स शीट, म्हणजे माणसं-सामानाची यादी. ती उघडी ठेवून प्रत्येक साईटची फाईल रिसोर्स टॅबमधल्या ‘शेअर रिसोर्सेस’ने तिला जोडा. सहा जणांची टोळी एकत्रच फिरते, म्हणून ती एकच रिसोर्स, मॅक्स युनिट्स (एका वेळी किती वापरता येईल) १०० टक्के. आठ बिगारी मात्र सुटे पाठवता येतात, त्यांना ८०० टक्के. टोळीला ६०० दिले तर निम्मी माणसं मिरजेला, निम्मी कुपवाडला असं कागदावर जमून जातं. मुकादम ते कधीच मान्य करणार नाही.

मूळ कॅलेंडरमध्ये शनिवार-रविवार सुट्टी असते. शनिवार कामाचा करा आणि ऑप्शन्समध्ये आठवड्याचे ४० तास ४८ करा. गावच्या जत्रेचे दिवस टोळीच्या कॅलेंडरमध्ये आधीच सुट्टी म्हणून टाका.

खरी गफलत स्लॅबला होते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला ४.५ मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू १४ दिवस काढायचे नाहीत. बरेच जण दोन कामांमध्ये १४ दिवसांचा लॅग (मधली नुसती वाट बघण्याची मुदत) टाकतात. तो कामाच्या दिवसांत मोजला जातो, म्हणजे प्रत्यक्षात किमान १६ दिवस जातात. त्याहून वाईट म्हणजे लॅगला रिसोर्स लावता येत नाही. टोळी मोकळी दिसते, पुढच्या साईटचा स्लॅब लागतो, आणि प्लेटा-टेकू अजून पहिल्या स्लॅबखालीच! म्हणून लॅग काढून टाका. ‘टेकू ठेवणे’ असं १४ दिवसांचं वेगळं काम घाला आणि त्याला ‘प्लेटांचा सेट’ हा रिसोर्स लावा, सातही दिवस चालू असलेल्या कॅलेंडरसह. सेंट्रिंग ठोकण्यापासून खोलण्यापर्यंतच्या सगळ्या कामांना तोच सेट हवा. प्रकार ‘वर्क’च ठेवा, ‘मटेरियल’ केलात तर लेव्हलिंग (एकाच वेळी दोन ठिकाणी लावलेला रिसोर्स सोडवणारी सोय) त्याच्याकडे बघतच नाही.

लेव्हलिंग ऑटोमॅटिकवर कधीच ठेवू नका, एक तारीख बदलली की सगळं हलतं. तिन्ही फाईली एका मास्टर फाईलमध्ये घाला, ज्या साईटला घाई आहे तिची प्रायॉरिटी ५०० वरून वाढवा (१००० नको, तो आकडा दिला की काम जागचं हलतच नाही) आणि मग ‘लेव्हल ऑल’ द्या. लेव्हलिंग फक्त कामं पुढे ढकलतं किंवा मध्ये तोडतं, माणसं वाढवत नाही. मिरजेचा स्लॅब तीन आठवडे पुढे गेला तर प्लेटांचा दुसरा सेट भाड्याने आणायचा की मालकाला नवी तारीख सांगायची, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. निकाल पटला नाही तर ‘क्लिअर लेव्हलिंग’ आहेच.

माणसांची फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवू नका, जोडणी तुटते. ती बदलायचा हक्क ऑफिसात एकालाच द्या. बाकीच्यांनी रीड-ओन्ली उघडून काम झालं की ‘अपडेट रिसोर्स पूल’ करायचं.