चष्मा लावला की नंबर वाढतो का?

मुलाचे डोळे तपासून झालेले असतात, कागदावर नंबर लिहिलेला असतो, आणि उठता उठता आई किंवा बाबा विचारतातच, "पण चष्मा लावला की नंबर वाढतच जातो ना? मग थोडे दिवस थांबलं तर?" नंबर काढण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. हा प्रश्न आला नाही असा आठवडा जात नाही. बाहेर पुढची माणसं खोळंबलेली असतात, त्यामुळे "नाही हो, नाही वाढत" एवढं सांगून मी मोकळी होते आणि ते मला पटत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट लिहिते.

नंबर वाढतो, हे तुम्ही बघता ते खरंच आहे. फक्त तो चष्म्यामुळे वाढत नाही. जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागे साधारण 17 मिलिमीटर लांब असतो, मोठ्या माणसाचा 24 च्या आसपास. मूल वाढतं तसा डोळाही वाढतो. समोरचा पारदर्शक कॉर्निया आणि आतलं भिंग मिळून प्रकाश वळवतात, आणि डोळ्याची लांबी त्या ताकदीला जुळणारी असेल तर चित्र नेमकं मागच्या पडद्यावर उमटतं. डोळा जास्त लांब झाला की चित्र पडद्याच्या अलीकडेच जुळतं आणि लांबचं धूसर दिसतं. हा मायनसचा नंबर. लांबीत 1 मिलिमीटरचा फरक पडला तरी नंबर अडीच-तीननं बदलतो! त्यामुळे ज्या वर्षांत मुलाची उंची भराभर वाढते, त्याच वर्षांत नंबरही वाढतो. पाय वाढला की मोठी चप्पल घ्यावी लागते, पण म्हणून चपलेनं पाय वाढवला असं आपण म्हणत नाही.

"चष्मा काढला की आता पहिल्यापेक्षा कमी दिसतं," हीसुद्धा नेहमीची तक्रार. स्पष्ट म्हणजे काय हे त्या मुलाला आधी माहीतच नव्हतं. झाडाला सुटी सुटी पानं दिसतात हे एकदा कळल्यावर जुना हिरवा ढग चालवून घेता येत नाही.

काही पालक "निदान थोडा कमी नंबर द्या" म्हणतात. मलेशियात काही मुलांना मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन पाहिला गेला. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या मुलांचा नंबर उलट अधिक वाढला. नंतरच्या सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष इतके एकसारखे नाहीत, पण कमी नंबर देण्याला भक्कम आधार आजही नाही. आधार आहे तो उघड्यावरच्या उजेडाला. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या बारा शाळांपैकी निम्म्या शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांनी त्यांच्यात मायनसचा नंबर लागलेली मुलं सुमारे 30 टक्के होती, बाकीच्या शाळांत सुमारे 40 टक्के. 2015 साली हे आकडे आले तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला आधी हेच सांगते. मैदान, रस्ता, गच्ची, काहीही चालेल, मूल उजेडात असलं पाहिजे. नंबरचा वेग कमी करायला अगदी सौम्य अ‍ॅट्रोपिनचे थेंब, खास बनावटीचे चष्मे आणि लेन्सही आता आहेत. ते कुणाला द्यायचे हे डॉक्टरांनी तपासून ठरवावं.

सिलिंड्रिकल नंबराबद्दल एकच सांगते. कॉर्नियाची गोलाई सगळ्या दिशांना सारखी नसते तेव्हा तो लागतो, आणि कागदावर त्याच्यापुढे 90 किंवा 180 असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते पाहून घाबरलेल्या आया मी पाहिल्या आहेत. तो भिंग बसवायचा कोन असतो.

हाच प्रश्न मोठी माणसं स्वतःसाठीही विचारतात. चाळिशीच्या पुढेमागे डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि वाचायचा कागद हातभर लांब जातो. जवळचा नंबर प्लस एकच्या आसपास सुरू होतो आणि साठीपर्यंत अडीचकडे सरकतो. चाळिशी वापरली नाही तरी तो तसाच सरकतो. इथे थोडे दिवस थांबलात तर डोकं दुखेल, डोळे शिणतील, पण कायमचं काही बिघडणार नाही. मात्र घरातल्या आजोबांना एकाएकी चाळिशीशिवाय वाचता यायला लागलं, तर आनंद मानण्याआधी त्यांना तपासून घ्या. बरेचदा आतलं भिंग घट्ट होऊन मोतीबिंदू धरत असतो आणि त्यानं डोळा मायनसकडे झुकतो.

लेझरनं चष्मा जातो, हे खरं आहे. वय अठराच्या पुढे हवं, नंबर किमान वर्षभर स्थिर हवा, कॉर्नियाची जाडी पुरेशी हवी. पण लेझर कॉर्नियाचा आकार बदलतं, डोळ्याची लांबी आहे तेवढीच राहते. मोठा मायनस असलेल्यांचा मागचा पडदा ताणलेलाच असतो. अचानक चमका दिसल्या, ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखा वाटला, एका बाजूनं पडदा सरकल्यासारखा वाटला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, चष्मा गेलेला असला तरीही.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, "थोडे दिवस थांबलं तर?" मला खरी भीती याची वाटते.

मी नऊ वर्षांची असताना शाळेत डोळे तपासले. डावा डोळा झाकून मी शेवटच्या ओळीपर्यंत सगळं धडाधड वाचलं. मग उजवा झाकला, तर तक्त्यावरचं सर्वांत वरचं एक अक्षर तेवढं दिसलं. उजव्याला प्लस एक, डाव्याला प्लस पाच. तोपर्यंत मी वाचत होते, खेळत होते, कुणालाच शंका आली नव्हती. मलाही नाही, कारण सगळं काम एकटा उजवा डोळा करत होता. चष्मा झाला. घरातलं एक वडीलधारं माणूस म्हणालं, इतक्या लहानपणी लावला तर नंबर वाढत जाईल, लागेल तेव्हाच घालू दे. त्यांनी ते मायेनंच म्हटलं. आणि मला तर तो कधी लागतच नव्हता! चष्मा खणात राहिला, पाच वर्षं.

डोळा बघतो म्हणजे मेंदू बघायला शिकतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या मेंदूचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला. नंतर तो उघडला तेव्हा डोळा धड होता, पण मेंदूतल्या पेशी त्याला प्रतिसाद देईनाशा झाल्या होत्या. 1981 साली नोबेल मिळालं ते ज्या संशोधनाला, त्यात हे कामही होतं. माझ्या डाव्या डोळ्याचं तेच झालं. याला आळशी डोळा म्हणतात. हे नाव मला आवडत नाही, त्या डोळ्याला शिकायची संधीच मिळालेली नसते.

सहा-सात वर्षांच्या आत योग्य चष्मा लावला, चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक तास पट्टी ठेवली, तर बहुतेक मुलांची नजर खूप सुधारते. मोठ्या मुलांतही काही सुधारणा होते, पण ती कष्टानं आणि कमी. चौदाव्या वर्षी मी पट्टी लावून गृहपाठ केला, कित्येक महिने. पहिल्या ओळीवरून तिसऱ्या ओळीवर आले. कितीही अचूक नंबरचं भिंग पुढे धरलं तरी माझा डावा डोळा आजही तिसऱ्या ओळीवर थांबतो. त्या तक्त्यावर एकूण सात ओळी आहेत.

म्हणून तुम्ही "थोडे दिवस थांबलं तर?" असं विचारता, तेव्हा मी उलट विचारते, मूल किती वर्षांचं आहे?