व्हीएचएस डिजिटायझेशन, नोंद ४ : एकाच कॅसेटवरची दोन वर्षे

या खेपेस घरच्या संग्रहातील सर्वांत हट्टी कॅसेट हाती घेतली. वर्षातून एकदाच, ठरावीक सुमारास दाखविला जाणारा आणि आम्ही सर्वजण ठरवून एकत्र बसून पाहत असलेला बालचित्रपट तिच्यावर आहे. तो चित्रपट आज हव्या त्या क्षणी कितीतरी स्वच्छ प्रतीत पाहता येतो. त्यामुळे मला चित्रपट वाचवायचा नसून त्याचे प्रक्षेपण वाचवायचे आहे.

कॅसेट १८० मिनिटांची, एसपी (म्हणजे प्रमाण) वेगाने रेकॉर्ड केलेली आहे. तिच्या कडेची प्लास्टिकची पट्टी तोडलेली आहे (ती तोडली की त्यावर नवे रेकॉर्डिंग होत नाही), म्हणजे कोणीतरी एकदा ‘हे पुसायचे नाही’ असे ठरविले होते; आणि तिथे पडलेल्या खाचेवर चिकटपट्टी लावलेली आहे (ती लावली की रेकॉर्डिंग पुन्हा होऊ शकते), म्हणजे पुढच्या वर्षी तो निश्चय मोडला. बहुधा दोन्ही वेळा हात बाबांचाच असावा.

व्हीसीआरचे हेड (फितीवरचे चित्र वाचणारे भाग) व ते ज्यावर बसवलेले असतात तो फिरता ड्रम आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून, फीत एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळली आणि मगच कॅप्चर, म्हणजे संगणकावर उतरवून घेणे, सुरू केले. ऑटो ट्रॅकिंगवर (हेड फितीवरच्या पट्ट्यांशी आपोआप जुळविण्याच्या सोयीवर) चित्राच्या तळाशी पांढरे ओरखडे येत होते, ते हाताने ट्रॅकिंग जुळविल्यावर गेले. वरच्या कडेला उभ्या रेषा वाकत होत्या. टाइम बेस करेक्टर (चित्रातील ओळींची वेळ नीट करणारे उपकरण) मध्ये जोडल्यावर त्या सरळ झाल्या. फाइल ७२० × ५७६ मापाची असून एफएफव्ही१ या लॉसलेस (चित्राचा दर्जा न घटविणाऱ्या) कोडेकमध्ये, इंटरलेस (प्रत्येक फ्रेम सम-विषम ओळींच्या दोन भागांत असलेली) तशीच ठेवून साठविली आहे. ते भाग वेगळे करून पूर्ण फ्रेम बनविण्याचे काम, म्हणजे डिइंटरलेसिंग, नंतर, सेकंदाला ५० फ्रेम ठेवून करीन. मूळ प्रतीवर ते करण्याची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे.

खरी मौज सुरुवातीच्या काही सेकंदांत आहे. शीर्षके उमटत असताना चित्रावर इंद्रधनुषी पट्टे सरकतात. घरगुती व्हीसीआरमध्ये फीत पुसणारे हेड ड्रमच्या अलीकडे असते, त्यामुळे रेकॉर्डिंग सुरू होताना या दोहोंमधला फितीचा तुकडा न पुसताच त्यावर नवे चित्र उमटते आणि जुने रंग त्यात मिसळतात. म्हणजे खाली आधीचे काहीतरी होते.

ते काय होते, हे शेवटी कळले. चित्रपट संपतो, काही सेकंद कोरी फीत जाते, कारण तेवढी पुसली गेली पण तिच्यावर काही उमटले नाही, आणि मग तोच चित्रपट शेवटच्या प्रसंगापासून पुन्हा सुरू होतो. ते आदल्या वर्षीचे प्रक्षेपण आहे. नव्या रेकॉर्डिंगमध्ये जाहिराती येताच पॉज दाबलेला आहे, आणि प्रत्येक वेळी तो थोडा उशिरा सोडल्यामुळे पुढच्या प्रसंगाचे पहिले वाक्य अर्धवट कापले गेले आहे. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये जाहिराती तशाच राहिल्या असाव्यात, म्हणून ते लांबले आणि त्याची ११ मिनिटांची शेपटी वाचली. त्या वर्षी रिमोट ताईकडे होता की काय, हे तिला विचारायला हवे.

आम्ही चित्रपट हातचा जाऊ नये म्हणून रेकॉर्ड करीत होतो, तरीही वर्षभरात ती कॅसेट कधी लावल्याचे मला आठवत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा प्रक्षेपणाचीच वाट पाहायची, पुन्हा सगळ्यांनी आपापल्या जागा पकडायच्या आणि गेल्या वर्षीच्या प्रतीवरच नवी प्रत घ्यायची, असा तो क्रम होता.

त्या ११ मिनिटांत दोन जाहिराती, निवेदिकेची एक पूर्ण उद्घोषणा आणि उद्याच्या कार्यक्रमांची पाटी एवढे सापडले. पाटीवरची शेवटची ओळ ड्रॉपआउटमुळे (फितीवरचा संकेत मध्येच तुटल्यामुळे) वाचता येत नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या व्हीसीआरवर तेवढाच भाग तीनदा कॅप्चर करून प्रती एकमेकींवर जुळवून पाहणार आहे.