छे हो, मला कुठे गाता येतं!

आज कॅम्पातल्या चर्चमध्ये उपासनेनंतर एका मावशींनी माझ्या गाण्याचं कौतुक केलं. सवयीनं म्हणाले, "छे हो, मला कुठे गाता येतं!" त्या चहाचे कप विसळत होत्या. कप तसाच नळाखाली धरून म्हणाल्या, "गळा देवानं दिलाय ना बाळा? मग त्याला नावं कशाला ठेवतेस?"

खरं सांगते, मला अजून थोडं कौतुक ऐकायचं होतं. तीही फुशारकीच.

घरी येताना पंडिता रमाबाई आठवल्या. 1878 मध्ये कलकत्त्यात 'सरस्वती' पदवी मिळालेली बाई! विद्वत्ता कधी नाकारली नाही. केडगावला हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणलं, अगदी साध्या बायांनाही कळावं म्हणून.

पुढच्या रविवारी मावशींच्या शेजारी कप विसळायला उभी राहणार आहे. गाणारही आहे.