ओट्याखालची दोन यंत्रे

रविवार, आषाढ

नागपुरात ड्रायर कशाला, असे मला या काळात जवळजवळ प्रत्येकाने विचारले आणि तो प्रश्न रास्तच आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना गच्चीवर टाकलेल्या चादरीचा शेवटचा चिमटा लावेपर्यंत पहिले टोक वाळू लागते. परंतु पावसाळा लागला की हेच सुती कपडे घरातल्या दोऱ्यांवर लोंबत राहतात, त्यांना कुबट वास धरतो, आणि पंख्याखाली वाळवलेल्या जीन्सचा कमरपट्टा दुसऱ्या दिवशीही ओलसरच लागतो. म्हणून कपडे धुण्याचे यंत्र आणि ते वाळवणारा ड्रायर जोडीने ठेवायचे ठरले, पण बाल्कनीत उन्हाळाभर कूलरचे स्टँड असते आणि न्हाणीघरात बादली ठेवली की माणूस मावत नाही. त्यामुळे उरली ती स्वयंपाकघराच्या ओट्याची आखूड बाजू, जिच्याखाली आजवर केवळ रिकामे डबे आणि गव्हाची कोठी होती. आज तिथे दोन्ही यंत्रे शेजारी-शेजारी उभी आहेत.

सासूबाईंना हे पटलेले नव्हते. अन्न शिजते तिथे मळके कपडे आणायचे नाहीत, हा त्यांचा आक्षेप मी थट्टेवारी नेला नाही, कारण स्वयंपाकघरातील स्वच्छतेचा तो जुना आणि समंजस दंडक आहे. ब्रिटनमधील घरांत वॉशिंग मशीन सर्रास स्वयंपाकघरात असते हे खरे, परंतु त्यामागे तिथले विजेचे नियम आहेत. बाथटबच्या आसपासच्या ठरावीक अंतरात नेहमीचे सॉकेट बसवू देत नाहीत, म्हणून यंत्र पाण्याच्या दुसऱ्या जागी, म्हणजे सिंकशेजारी, जाऊन बसले. आपल्याकडे तसे बंधन कुणी पाळत नाही. आपली अडचण निव्वळ जागेची आहे. शेवटी कपड्यांची टोपली स्वयंपाकघरात मुक्कामाला ठेवायची नाही, कपडे आणायचे ते थेट यंत्रात टाकायचे, एवढ्या अटीवर त्यांनी होकार दिला.

खरी अडचण उंचीची निघाली. समोरून उघडणारे यंत्र साधारण ८५ सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर रुंद असते. आपला जुन्या पद्धतीचा ओटा जमिनीपासून ३२ ते ३४ इंच. त्यातून ग्रॅनाइट आणि त्याखालचा कडप्पा यांची जाडी वजा केली की खाली जेमतेम ८० सेंटिमीटर उरतात. काही यंत्रांचे वरचे झाकण काढून ती ओट्याखाली सरकवता येतात, पण ती सोय त्याच मॉडेलसाठी दिलेली असावी लागते आणि झाकणाच्या जागी धातूचा पत्रा बसवावा लागतो, नाहीतर ओट्यावरून झिरपलेले पाणी सरळ विजेच्या भागांवर उतरते. मी तो मार्ग धरला नाही. शेगडीची बाजू होती तशीच ठेवून आखूड बाजू ३६ इंचांपर्यंत उचलली, त्यामुळे खाली ८७ सेंटिमीटरची मोकळी जागा मिळाली. उंच झालेल्या या भागावर उभ्याने भाजी चिरणे पाठीला बरे पडते, हा न मागता पदरात पडलेला लाभ.

कडप्प्याचे मधले उभे पान काढायचे म्हटल्यावर मिस्त्री थबकले. “काहून काढता जी काकू, ओटा याच्यावरच तर उभा आहे,” असे ते म्हणाले आणि त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. दोन यंत्रांना सव्वाशे सेंटिमीटर सलग रुंदी हवी. तेवढ्या लांबीचा दगड मध्ये आधार नसताना केवळ दोन टोकांवर पेलणे धोक्याचे. म्हणून भिंतीत लोखंडी अँगल ठोकून त्यावर ओट्याची मागची कड टेकवली आणि पुढच्या कडेखाली चौकोनी पाइप आडवा घातला. ओट्याची खोलीही २४ इंचांवरून २७ इंच केली, कारण यंत्रामागे नळ्यांना वळायला जागा लागते आणि ती ठेवली नाही तर नळी चिमटते.

प्लंबरशी झालेली चर्चा मला सर्वांत उपयोगी वाटली. नागपूरला पाणी पेंच प्रकल्प आणि कन्हान नदीतून येते, पण आमच्या यंत्राला ते मिळते गच्चीवरच्या टाकीतून, आणि आम्ही वरच्याच मजल्यावर राहतो. नळावर पाण्याचा दाब किती, हे टाकीतील पाणी नळापेक्षा किती उंच आहे यावर ठरते. बार हे दाबाचे माप, आणि १० मीटर उंचीला साधारण १ बार, असा हिशेब आहे. आमच्या टाकीचा तळ नळापासून जेमतेम ४ मीटर वर आहे, म्हणजे दाब ०.४ बार. काही यंत्रांना किमान ०.३ बार पुरतो, काहींना ०.५ बार लागतो, आणि दुकानात हा आकडा कोणी आपणहून सांगत नाही. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जे यंत्र सुरळीत चालते ते वरच्या मजल्यावर पाणी भरताना अडून का बसते, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच असते. आम्ही ०.३ बारवर चालणारे निवडले आणि पंपाचा खर्च वाचवला.

सांडपाण्याची नळी सिंकच्या पाइपला जोडून द्यावी, असा आग्रह झाला होता. तसे केले की यंत्राने जोराने फेकलेले पाणी कधीकधी फेसासकट सिंकमध्ये वर येते, आणि भांड्यांमध्ये साबणाचा तो फेस मला नको होता. त्यामुळे दीड इंची स्वतंत्र पाइप ट्रॅपसह, म्हणजे गटाराचा वास अडवणाऱ्या पाणी धरून ठेवणाऱ्या बाकासह, उभा केला. नळीचे टोक जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटरच्या दरम्यान ठेवले, म्हणजे यंत्रातले पाणी आपसूक ओढले जात नाही. विजेचे दोन्ही १६ अँपिअरचे पॉइंट वेगवेगळे घेतले, कारण पाणी तापवताना धुण्याचे यंत्र एकटेच सुमारे २००० वॅट, म्हणजे ९ अँपिअरच्या आसपास, ओढते. सॉकेट यंत्रामागे न ठेवता बाजूच्या कपाटात ठेवले. गळती झाली तर बटण हाताशी असावे.

ड्रायर हीट पंपाचा घेतला. गरम दमट हवा बाहेर फेकणाऱ्या प्रकाराला भिंतीत मोठे भोक हवे. हीट पंपाचे काम फ्रिजसारखे चालते: कपड्यांतून आलेली हवा गार करून तिच्यातले पाणी वेगळे काढायचे आणि तीच हवा पुन्हा तापवून आत सोडायची. सात किलो सुती कपडे मिनिटाला १४०० फेऱ्यांवर पिळून निघाले तरी त्यांत अंदाजे साडेतीन लिटर पाणी शिल्लक असते. ते आता एका बारीक नळीने त्याच ट्रॅपमध्ये जाते. धुण्याचे यंत्र डावीकडे आहे आणि त्याचे दार डावीकडे उघडते, ड्रायर उजवीकडे आहे आणि त्याचे दार उजवीकडे, म्हणून ओले कपडे उचलून सरळ शेजारी टाकता येतात. दार कोणत्या बाजूला उघडते हे विकत घेण्यापूर्वी पाहिलेच पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून धुण्याच्या यंत्रामागे लावलेले बोल्ट काढून, पाणसळ लावून चारही पाय सारखे केले. ते बोल्ट पिशवीत घालून कोठीत ठेवले आहेत, कारण घर बदलायची वेळ आली तर ते पुन्हा लावावे लागतील. यंत्राची कोणतीही बाजू अँगलला टेकू दिली नाही, अन्यथा पिळताना अख्खा ओटा थरथरला असता. ड्रायर ने-आण करताना कलला होता, त्यामुळे कंप्रेसरमधले तेल खाली बसेपर्यंत तो काही तास सुरू करायचा नव्हता. संध्याकाळी पहिली खेप टॉवेलांची काढली आणि जाळीवर साठलेल्या तंतूंचा थर पाहून सासूबाई म्हणाल्या, “इतका कापूस निघतो, तर लुगडी किती दिवस टिकतील गं?” त्यांची शंका वाजवी आहे. त्यांची लुगडी आणि खळ घातलेले सगळे कपडे दोरीवरच वाळतील, असे ठरले.

ड्रायर ५ ते ३५ अंश तापमानाच्या खोलीत वापरावा, असे माहितीपत्रकात आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी शेगडी पेटलेली असताना आमचे स्वयंपाकघर ती मर्यादा सहज ओलांडते, त्यामुळे मार्चपासून पाऊस येईपर्यंत ड्रायरचा प्लग काढलेलाच राहील. धुण्याच्या यंत्राच्या खालच्या कोपऱ्यातली पंपाची जाळी मात्र साफ करायला बाराही महिने काढावी लागणार, म्हणून ओट्याच्या तळाशी पट्टी न लावता जागा उघडी ठेवली आहे. तिथे काढघाल करता येईल असे दार बसवायला सुतार बुधवारी येणार आहे.