वसुलीवाला बायबल वाचतो तेव्हा

मी एका सहकारी बँकेत रिकव्हरीला आहे, अकरा वर्षं झाली. म्हणजे थकलेल्या लोनमागे फिरायचं, नोटिसा द्यायच्या, सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खालच्या वसुलीच्या केसेसचे कागद जमवायचे, जामीनदारांच्या शिव्या खायच्या. आणि दर शनिवारी संध्याकाळी आमच्या गल्लीत बायबल स्टडी असते तिथे जाऊन बसायचं. ही दोन कामं एकमेकांत कधी मिसळली नव्हती, कारण आमच्याकडे बायबल म्हणजे स्तोत्रं, डोंगरावरचं प्रवचन, नाताळ आणि गुड फ्रायडे. लेवीय, अनुवाद ही सुरुवातीची कायद्याची पुस्तकं आली की सगळे गुपचूप पानं उलटतात, कुठला प्राणी खायचा नि कुठला नाही, भिंतीला चट्टे पडले तर याजकाला (पुरोहिताला) बोलवा, कोण वाचणार ते.

मग इलेक्शनच्या टायमाला आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राडा झाला. एकानं टाकलं की देवानं दशांश सांगितला म्हणजे गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखाच दहा टक्के टॅक्स हवा, बायबल बिझनेसवाल्यांच्या बाजूचं आहे. दुसऱ्यानं लगेच प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक काढलं, येशूनंतरच्या पहिल्या मंडळीत सगळं सामाईक होतं, लोक जमिनी विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवायचे, म्हणजे मार्क्सच्या आधी आपणच. पहिल्यानं परत उत्तर दिलं की पुढच्याच अध्यायात प्रेषित पेत्र जमीन विकणाऱ्या हनन्याला म्हणतो, विकायच्या आधी जमीन तुझीच होती ना, विकल्यावरचे पैसेपण तुझ्याच हातात होते ना. दोन दिवस हेच चाललं. शेवटी पाळकसाहेबांनी सांगितलं, भांडू नका, नियमशास्त्र म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं सुरुवातीपासून वाचू आणि पैसा, जमीन, राजा याबद्दल जे येईल ते टिपून ठेवू. म्हणून सुरू झालं, आणि ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त मीच अडकलो त्यात, कारण ते अर्धं पुस्तक माझ्या नोकरीबद्दलच निघालं.

पहिला दणका अनुवाद २४ मध्ये. कोणाला कर्ज दिलंस तर गहाण वस्तू आणायला त्याच्या घरात शिरायचं नाही. बाहेर उभं राहायचं. तो माणूस स्वतः वस्तू बाहेर आणून देईल. हे वाचलं आणि दोन मिनिटं मला पुढचं ऐकूच आलं नाही. वसुलीचं काम केलेल्या कोणालाही विचारा, खरी ताकद नोटिशीत नसते, ती उंबरठ्याच्या आत असते. एकदा तुम्ही हॉलमध्ये खुर्चीवर बसलात, पोरं बघतायत, म्हातारी आतून डोकावतेय, टीव्हीवर तुमची नजर गेलीय, की माणूस निम्मा खचतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या म्हणा किंवा थोडं अलीकडच्या म्हणा, ज्या कोणी हे लिहिलं त्याला हे बरोब्बर माहीत होतं. कर्ज बुडवायला सांगितलेलं नाहीये, वस्तू मिळणारच आहे, पण कुठली द्यायची आणि कशी द्यायची हे त्याला त्याच्या दारात ठरवू दे.

त्याच अध्यायात, जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घ्यायची नाही, ते म्हणजे जीवच गहाण घेतल्यासारखं. विधवेचं वस्त्र गहाण घ्यायचं नाही. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची. आणि गरिबाचं पांघरूण तारण घेतलंच तर संध्याकाळी परत करायचं, नाहीतर तो झोपणार कशात. आता बँकेच्या नजरेनं बघा, रोज संध्याकाळी परत द्यायचं तारण म्हणजे कसलं तारण, आमचा ऑडिटर वेडा होईल. पण गंमत अशी की आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० काढून बघा. जप्तीत काय घेता येत नाही? अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं नि बियाणं, आणि धार्मिक चालीनुसार बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. म्हणजे जातं, पांघरूण आणि विधवेचं वस्त्र. हा कायदा बायबलवरून घेतला असं मी म्हणत नाही, एवढंच म्हणतोय की माणसाला कुठपर्यंत ओरबाडायचं ही रेघ दोघांनी जवळपास एकाच ठिकाणी मारलीय.

पाळलं का लोकांनी? नाही. आमोस संदेष्टा सरळ सांगतो की हे लोक गहाण घेतलेल्या कपड्यांवरच वेदीशेजारी लोळतात. देवाच्या दारात, दुसऱ्याच्या पांघरुणावर. त्याच पुस्तकात व्यापाऱ्यांचं वर्णन आहे, शब्बाथ (आठवड्याचा विसाव्याचा दिवस) कधी संपतो नि आम्ही धान्य विकायला बसतो, माप छोटं करू, वजन मोठं करू, गव्हाचा भुसापण विकू. आमच्या ग्रुपमध्ये एकांचं किराणा दुकान आहे, ते त्या दिवशी चहा लवकर संपवून गेले.

आता कर्जमाफी. अनुवाद १५, दर सात वर्षांनी कर्ज सोडून द्यायचं. नुसतं शेतकऱ्याचं नाही, एक लाखापर्यंत वगैरे अट नाही. (एक अट आहे, परक्याकडून वसूल करायला परवानगी आहे, त्याच्यावर पुढे येतो.) मी २००८ ची माफी वाचून माहीत असलेला आणि २०१७, २०१९ च्या याद्या स्वतः केलेला माणूस, त्यामुळे माझा पहिला प्रश्न हाच की मग सहाव्या वर्षी कर्ज देणार कोण? आणि पुढच्या नवव्या ओळीत तोच प्रश्न तिथे लिहिलेला! सातवं वर्ष जवळ आलंय असा नीच विचार मनात आणून गरीब भावाला नाही म्हणू नकोस. म्हणजे कायदा करणाऱ्याला कायद्याची पळवाट आधीच दिसत होती, आणि त्याच्याकडे उपाय काय तर, असं करू नकोस बाबा. एवढंच.

ते पुरलं नाही हे नंतर कळतंच. येशूच्या जन्माच्या थोडं आधी हिल्लेल नावाचे मोठे यहुदी गुरू होते, त्यांना दिसलं की लोक गरिबांना कर्ज देईनासेच झालेत. मग त्यांनी प्रोझबुल नावाचा दस्त काढला, ज्यात सावकार आपलं येणं न्यायालयाकडे सोपवतो, मग ते 'भावाकडचं येणं' उरत नाही आणि सातव्या वर्षी रद्दही होत नाही. आमच्याकडे बुडीत लोन रिकन्स्ट्रक्शन कंपनीला विकतात त्याची आठवण आली, अगदी तेच नाही पण कागद हलवून माणूस तोच ठेवायची कला तीच. मला हिल्लेल यांच्यावर टीका करायची नाहीये, उलट मला ते पटतात, गरिबाला माफीपेक्षा आधी कर्ज मिळणं गरजेचं होतं. पण मूळ कायद्याचा दात मात्र पडला.

आणि त्याच अध्यायात अजून एक. चौथ्या ओळीत, तुमच्यात कोणी दरिद्री नसावा. अकराव्या ओळीत, देशात दरिद्री कायम असणारच. सात ओळींचं अंतर. येशू जे म्हणतो की गरीब तुमच्याजवळ नेहमीच आहेत, ते बहुतेक इथलंच, आणि लोक ते वाक्य 'मग कशाला काय करायचं' या अर्थी वापरतात. मूळ ओळ पुरी वाचा की, असणार आहेत म्हणूनच हात मोकळा ठेव असं आहे तिथे.

पण सगळ्यात मोठं प्रकरण लेवीय २५, योबेल वर्ष. पन्नासाव्या वर्षी कर्णा वाजणार आणि विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत. जमीन कायमची विकायचीच नाही, कारण जमीन माझी आहे नि तुम्ही माझ्याकडे उपरे आहात असं देव म्हणतो. मग किंमत कशी ठरवायची तर पुढच्या योबेलपर्यंत पिकं किती निघणार त्या हिशेबानं, वर्षं जास्त तर भाव जास्त, वर्षं कमी तर भाव कमी. म्हणजे ही विक्री नाहीच, पिकांचा सौदा आहे, सातबाऱ्यावरचं मूळ नाव पुसायचंच नाही. आणि तटबंदीच्या शहरातलं घर विकलं तर? ते एका वर्षात सोडवा, नाहीतर कायमचं गेलं, योबेललाही परत नाही. शहरातलं घर बाजारात, शेतजमीन बाजाराबाहेर. कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायचा आमचा सरफेसी कायदा आहे, त्यानंही शेतजमीन वगळलीय, फ्लॅट मात्र साठ दिवसांच्या नोटिशीनंतर ताब्यात घेता येतो.

मला यातनं जे कळलं ते असं की दहा टक्केवाले आणि सामाईकवाले दोघंही एकेक ओळ उचलून पळाले होते. या कायद्याला कोणी श्रीमंत झालेलं चालतं, कोणी आपल्या चुकीनं बुडालेलंपण चालतं, त्याला चालत नाही ते एवढंच की आजोबांच्या कर्जात नातवानं जन्माला यावं. पन्नास वर्षं म्हणजे साधारण तेवढंच होतं. वसुलीत मी अशी घरं बघितलीत, सही आजोबांची, अंगठा जामीनदाराचा, आणि समोर उभा बारावी झालेला पोरगा ज्याला ते लोन कशासाठी घेतलं हेसुद्धा माहीत नाही.

योबेल खरंच कधी पाळलं अशी नोंद बायबलमध्ये कुठेच नाही. उलट २ इतिहास या पुस्तकाच्या शेवटी लिहिलंय की लोकांना बाबेलला धरून नेलं तेव्हा जमीन ओस पडली आणि तिनं आपली चुकलेली विसाव्याची वर्षं (शब्बाथ) भरून काढली, सत्तर वर्षं. न पाळलेला कायदा, पण मेला नाही तो. लेवीय २५ मधलीच दहावी ओळ, देशभर सर्वांना स्वातंत्र्य जाहीर करा, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या लिबर्टी बेल या प्रसिद्ध घंटेवर कोरलीय. आणि १९९८ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला जी-८ देशांची बैठक होती तेव्हा सत्तर हजाराच्या आसपास माणसं हात धरून साखळी करून उभी राहिली, गरीब देशांची कर्जं माफ करा म्हणून, त्या मोहिमेचं नावच ज्युबिली २०००, ज्युबिली म्हणजे हेच योबेल. पुढच्या वर्षी कर्जमाफीची योजना वाढवली गेली. एवढ्या जुन्या पुस्तकातला एक शब्द अर्थमंत्र्यांच्या बैठकीपर्यंत पोचला, आणि आम्ही तो अध्याय पानं उलटून पुढे जायचो.

राजकारणाबद्दल थोडक्यात, कारण पोस्ट लांबतेय. लोक रोमकरांस १३ काढतात, अधिकारी देवानं नेमलेत, गप्प बसा. बरं. मग १ शमुवेल ८ पण काढा. लोक राजा मागतात आणि शमुवेल संदेष्टा सांगतो राजा काय करेल ते: तुमचे पोरगे घेईल रथांसाठी, पोरी घेईल स्वयंपाकाला, चांगली शेतं घेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. घेईल, घेईल, घेईल, आणि तुम्ही रडाल तेव्हा देव ऐकणार नाही. (दहा टक्केवाल्यांनी बघावं, इथे दहा टक्के ही धमकी आहे.) हाच अध्याय टॉमस पेन या लेखकानं १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी इंग्लंडच्या राजाविरुद्ध वापरला. हाच पेन पुढे बायबलवरच तुटून पडला हा भाग वेगळा, आणि आपल्या जोतिराव फुल्यांनी मानवी हक्कांवरचं वाचलं तेही पेनचंच. कुठला धागा कुठे निघतो बघा.

आता ते परक्याचं, कारण नाही लिहिलं तर मी चोर. ज्या लेवीय २५ चं एवढं कौतुक केलं त्याच अध्यायात ४४ ते ४६ ओळी आहेत: गुलाम हवे तर आजूबाजूच्या लोकांमधून विकत घ्या, ते तुमची मालमत्ता, मुलांना वारसानं देऊ शकता. त्यांना योबेल नाही. त्या शनिवारी कोणीतरी म्हणालं हे सोडून पुढे जाऊ, मी म्हणालो नाही, वाचू. कारण सोडून पुढे जायची सवय फार वाईट. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी खास बायबल छापलं होतं, त्यात मोशेनं लोकांना मिसरातून (इजिप्तमधून) गुलामीतून सोडवल्याचं प्रकरणच काढून टाकलं होतं, जुन्या कराराचा बहुतेक भाग गायब. मालकांना चांगलं कळत होतं कुठली पानं धोक्याची. आपण आपल्याला नको ती पानं उलटली तर तीच कात्री, फक्त उलट्या हातानं. माझ्याकडे या ओळींचं काही गोड उत्तर नाहीये. त्या चुकीच्या आहेत असं मी म्हणतो आणि त्याच पुस्तकातली लेवीय १९:३४, परदेशीयावर स्वतःसारखी प्रीती कर, ती पुढे करतो, आणि मला माहितेय की निवड मीच करतोय.

मला सगळ्यात जवळचा वाटला तो यहूदाचा सुभेदार नहेम्या, त्याच्या नावाच्या पुस्तकाचा अध्याय ५. दुष्काळ, लोकांनी शेतं, घरं गहाण टाकलीत, राजाचा कर भरायला कर्ज काढलंय, पोरी गुलाम म्हणून गेल्यात. नहेम्या सरदारांची सभा बोलावून त्यांना झाडतो, आणि मधेच म्हणतो, मी आणि माझे भाऊपण पैसे नि धान्य कर्जाऊ देतोय, चला हे बंद करू. शेतं परत, शेकडा एक व्याज घेताय तेपण परत. समोरचे हो म्हणाले तरी त्याला विश्वास नाही, याजकांना बोलवून शपथ घेतो, वर ओटी झटकून दाखवतो की शब्द मोडाल तर देव असा झटकेल. आणि बारा वर्षं सुभेदार असून सुभेदाराचा भत्ता घेतला नाही असं स्वतःच लिहून ठेवतो, थोडा शेखी मिरवतो पण ठीके. मी स्वतः काय करतोय हे आधी सांगून मग कायदा सांगणारा अधिकारी मी तरी ऑफिसमध्ये पाहिलेला नाही, मी स्वतः धरून.

सध्या आम्ही नीतिसूत्रांवर आलोय. गेल्या शनिवारी २२ वा अध्याय होता, कोणाच्या कर्जाला जामीन राहू नकोस, फेडायला काही नसलं तर अंगाखालचं अंथरूण काढून नेतील. ग्रुपमधले एक काका मेहुण्याला जामीन राहिलेत, बँक माझी नाही, दुसरी, ते माझ्याकडे बघून म्हणाले, ही ओळ मला २०१९ ला कोणी का नाही दाखवली? मी हुशारी केली, म्हणालो काका घाबरू नका, कलम ६० आहे, अंथरुणाला हात लावता येत नाही. ते म्हणाले, अंथरूण आहे रे, पगारातून कापतात दर महिन्याला, झोप कुठे लागते त्याच्यावर.