कव्हर घातलेला फळा

आज लेकाच्या शाळेत पालकसभा होती. वर्गात चकचकीत स्मार्ट बोर्ड, पण त्यावर प्लास्टिकचं कव्हर. बाई हळूच म्हणाल्या, "दिवाळीपासून बंदच आहे हो. घ्यायला पैसे मिळाले, दुरुस्तीला कोण देणार?"

मग पाचवीच्या निकालाची चर्चा. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करायची मुभा राज्यांना दिली. पण नापास करण्याआधी, निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा. एक बाबा म्हणाले, "बरंच झालं, धाक हवा." मला नाही पटलं. ज्याला वाचताच येत नाही, त्याला धाकाने अक्षरं कशी दिसणार? (बोलले मात्र नाही. सगळे घड्याळ बघत होते.)

येताना दांडिया बाजारातून चालत आलो. याच बडोद्याच्या सयाजीरावांनी १८९३मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, १९०६मध्ये सगळ्या संस्थानात नेलं. आणि शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा, हे कोठारी आयोगाने १९६६मध्ये सांगितलेलं. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पुन्हा तेच ६ टक्के!

लेकाला विचारलं, बोर्ड बंद असतो तेव्हा काय करता? म्हणाला, "बाई खडूने शिकवतात. तेच बरं, मागून नीट दिसतं." मग लिलो चेवडा (इथला बटाट्याचा ओलसर चिवडा) मागायला लागला.