स्मशानातले पोहे

३१ डिसेंबर. थिसिसचं तिसरं प्रकरण आज गाईडकडून परत आलं. पान १४ वर लाल पेनानं एकच शब्द: 'म्हणजे?'

विषय मराठी भयकथा. त्यात २०२५ म्हणजे भयकथाकार नारायण धारपांची जन्मशताब्दी, त्यामुळे जुन्या पुस्तकांच्या दुकानांतली धूळ भरपूर खाल्ली. प्रवास म्हणजे एसटी. तळकोकणात देवचाराच्या (गावाची राखण करणाऱ्या भुताच्या) गोष्टी गोळा करायच्या आणि जाता जाता २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची पत्रकंही वाटायची! एका आजींनी पत्रकाची घडी कनवटीला खोचली नि विचारलं, "मगे भुताची पुस्तकां कित्याक वाचतंस गो?" उत्तर सुचलंच नाही.

अमावास्येला अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांबरोबर स्मशानात बसून पोहे खाल्ले, अगदी मजेत. घरी आल्यावर मात्र रात्रभर बाथरूमचा दिवा चालू ठेवला.